पात्री, चिघळ, कुर्डू: कोल्हापुरात रानमाळवं खायला शिकताना

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथी-शेपूचे ढीग ओलांडून कडेला गेलं की पोतं अंथरून बसलेल्या एक-दोन आजी दिसतात. पुढ्यात एकच बुट्टी, तीही अर्धीच भरलेली. रानमाळव्याच्या, म्हणजे रानभाज्यांच्या, पाल्याच्या पेंढ्या बांधलेल्या नसतात, नुसते वाटे लावलेले असतात. नवखा माणूस तिथून हमखास पुढं सरकतो. पाल्याचं नाव ठाऊक नसतं आणि विचारायला लाज वाटते.

मीही बरीच वर्षं तसाच पुढं सरकायचो. मग एका पावसाळ्यात अंगात आलं आणि एका फेरीत चार प्रकारचा पाला घेऊन आलो. कुठला कुठला ते घरी पोचेपर्यंत विसरलो. सगळा एकत्र चिरला, परतला आणि एकट्यानं कढईभर खाल्ला. त्यात टाकळ्याची जून पानं होती, आणि टाकळा पोट साफ करतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधीचा नियम असा: एका वेळी एकच नवी भाजी, आणि पहिल्यांदा वाटीभरच.

पायरी पहिली: सुरुवात रानातून नको, शेतातल्या पेरलेल्या भाज्यांपासून करा

चाकवत, करडई, आंबाडी, पोकळा. या भाज्या रानातल्या नाहीत, शेतकरी त्या मुद्दाम पेरतो. त्यामुळं ओळख चुकायची भीती नाही. तरी शहरातल्या निम्म्या घरांत त्या शिजत नाहीत, कारण मेथी, पालक आणि कोथिंबीर एवढ्यावरच आपली यादी संपते. पोकळा जवळपास वर्षभर मिळतो. आंबाडी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत असते. करडईचा पाला रब्बीच्या सुरुवातीला येतो. करडई दाट उगवली की विरळणी करतात, आणि उपटलेली कोवळी रोपं बाजारात येतात. चव किंचित कडवट असते, मुगाच्या डाळीबरोबर ती मिटते. चाकवताचा खरा हंगाम थंडीचा.

या चार भाज्या महिनाभर आलटून पालटून खाल्ल्या की जिभेला पालकाशिवायच्या चवींची सवय होते. आंबाडीचा आंबटपणा आणि करडईचा कडवटपणा पचला की पुढचं सोपं जातं.

त्यानंतर शेवगा. शेंगा सगळेच खातात, पाला मात्र दारातल्या झाडावर तसाच पिवळा पडून गळतो. घाट उतरून तळकोकणात गेलात तर गोकुळाष्टमीला याच पाल्याची भाजी मानानं पानात वाढतात. आपल्याकडं ते झाड केवळ आमटीपुरतं उरलंय, हे मला खटकतं. पुढं आकडे देतो, ते वाचून तुम्हालाही खटकेल.

पायरी दुसरी: विकणारीला काय विचारायचं

लक्ष्मीपुरीचा रविवार आणि अंबाबाईच्या देवळाजवळची कपिलतीर्थ मंडई या दोन जागा मला पुरतात. सकाळी लवकर जायचं. या बायकांचा माल थोडा असतो आणि उन्हं चढायच्या आत संपतो. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या पावसाच्या तालुक्यांत राहत असाल किंवा तिकडं जाणंयेणं असेल, तर तिथल्या आठवडी बाजारात पावसाळ्यात जास्त प्रकार दिसतात. कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. तिथं पाला आणि शिजवलेली भाजी शेजारी शेजारी पाहायला मिळते, हा त्याचा मोठा फायदा.

विचारायचं ते असं. मावशी, ही कुठली, बांधावरची का उसातली? कोवळी आहे का? तुम्ही घरी कशी करता? उकळलेलं पाणी टाकायचं का? डाळ कुठली घालता? एवढं विचारलं की ती खुलते आणि बहुतेक वेळा वाट्यात आणखी मूठभर टाकते. 'ही कशावर चांगली?' असं मात्र विचारू नका. बाजारात प्रत्येक पाला साखरेवर, गुडघ्यांवर आणि रक्तावर चांगलाच असतो.

नाव ऐकलं की लिहून घ्या आणि दुसऱ्या विकणारीला तोच पाला दाखवून पुन्हा विचारा. एकाच झाडाला तीन नावं आणि एका नावाची तीन झाडं, असा हा कारभार आहे. पात्री म्हणजेच पाथरी. तांदळी म्हणजे तांदूळजा. टाकळ्याला विदर्भाकडं तरोटा म्हणतात. घोळ आणि चिघळ यांत तर घरोघरी मतभेद. कुणी मोठ्या पानाची ती घोळ आणि बारीक पानाची ती चिघळ मानतं, कुणाला दोन्ही एकच. म्हणून शास्त्रीय नाव जवळ असलेलं बरं: पात्री म्हणजे लॉनिया प्रोकम्बेन्स, घोळ म्हणजे पोर्टुलाका ओलेरेसिया, कुर्डू म्हणजे सिलोसिया अर्जेन्शिया, टाकळा म्हणजे सेना टोरा. ही नावं पाठ करायची नाहीत, फक्त फोटो आणि माहिती शोधताना टाकायची.

पायरी तिसरी: ओळख पक्की करणं

फोटोवरून झाड ओळखणारी मोबाइलची ॲपं मोठ्या, फुलावर आलेल्या झाडाला बऱ्यापैकी ओळखतात. आपल्याला खायची असतात कोवळी रोपं, आणि तिथंच ती फसतात. त्यामुळं निर्णय माणसाचा. ज्या घरात ती भाजी खरोखर शिजते, त्या घरातलं माणूस.

एक नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो: तोडल्यावर पांढरा चीक निघाला की झाड विषारी. हा नियम पात्रीपाशीच मोडतो. पात्रीची पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात, कडा दातेरी असतात, फूल पिवळं येतं आणि पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. तो आलाच पाहिजे, तीच तिची खूण. तिच्या जागी चुकून घेतलं जातं ते कोवळं गाजरगवत, ज्याला आपल्याकडं काँग्रेस म्हणतात. तेही सुरुवातीला जमिनीवर गोल पसरतं, पण त्याचं पान गाजराच्या पानासारखं खोल चिरलेलं आणि लवदार असतं, आणि चीक नसतो.

चिघळीचं नेमकं उलटं. तिचा देठ लालसर आणि रसरशीत, पान जाड आणि गुळगुळीत, आणि मोडल्यावर नुसतं पाणी. तिच्याच शेजारी तशीच जमिनीवर पसरणारी दुधी (भोपळा नव्हे, तण) वाढते. तिचा देठ मोडला की चीक येतो. चिघळ म्हणून आणलेल्या जुडीत चीक येणारी काडी सापडली तर ती काडी टाका आणि उरलेली जुडी एकेक काडी मोडून बघा. वेळ जातो, जाऊ द्या.

टाकळा पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला ढिगानं उगवतो. त्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पर्णिका, म्हणजे लहान उपपानं, असतात, टोकं गोलसर, वास उग्र, आणि संध्याकाळी पानं मिटतात. त्याच्याच नात्यातला कासविंदा. त्याच्या पर्णिका चार ते सहा जोड्या आणि टोकदार असतात, आणि त्याच्या बिया विषारी आहेत. जोड्या मोजायचा कंटाळा असेल तर टाकळा रानातून आणू नका, विकत घ्या.

कुर्डूची गोष्ट साधी आहे. राजगिऱ्याच्या कुळातलं झाड, गुलाबी-पांढरा तुरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुरा दिसला म्हणजे भाजीचे दिवस संपले. त्याआधीची शेंड्याची चार-सहा पानं खुडायची. काटेमाठ हा तांदळीचा काटेरी भाऊ, पेराला काटे असतात. खाता येतो, फक्त निवडताना बोटं सांभाळा.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान कोल्हापुरातच आहे. अगदीच अडलं तर फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबून तिथल्या जाणकारांना दाखवता येते.

पायरी चौथी: कुठून खुडायचं नाही

कोल्हापुरात ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी. आपला जिल्हा उसाचा. पूर्वी भांगलणीला गेलेल्या बायका दिवसभर तण काढायच्या आणि संध्याकाळी त्याच तणातली तांदळी, पात्री, चिघळ ओटीत घालून आणायच्या. शेताची भांगलण आणि घरचं कोरड्यास एकाच कामात व्हायचं. आता भांगलणीला माणसं मिळत नाहीत म्हणून तणनाशक मारतात. उसात २,४-डी, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन ही औषधं सर्रास चालतात. त्यांतलं २,४-डी तर रुंद पानांच्या तणावरच चालतं, ऊस तसाच राहतो. रुंद पानांचं तण म्हणजे कोण? आपली तांदळी, पात्री, चिघळ आणि कुर्डू.

२,४-डी पडलेल्या झाडाचे शेंडे पिळवटतात, देठ वाकडा होतो. पण फवारणी कालच झाली असेल तर पान अगदी टवटवीत दिसतं. म्हणून डोळ्यावर विसंबू नका. शेत कुणाचं हे माहीत नसेल आणि त्यानं शेवटचं औषध कधी मारलं हे विचारता येत नसेल, तर तिथलं काही खुडायचं नाही. बांध, गोठ्यामागची जागा, परसू, ज्याला औषध लागलेलं नाही असं माळरान, हे चालतं.

दुसरं पुराचं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. एरवीच्या पावसाळ्यातही नदीकाठची मळी पाण्याखाली जाते. पाणी ओसरलं की आठ-दहा दिवसांत तिथं हिरवागार पाला फुटतो आणि मोह होतो. त्या गाळात गटारापासून कारखान्यापर्यंत सगळं आलेलं असतं. तिथला पाला त्या हंगामात नको. हमरस्त्याची कड आणि नाल्याचा काठ यांचंही तेच.

पायरी पाचवी: आकडे वाचायला शिका

पोषणाचे तक्ते १०० ग्रॅम कच्च्या पानांचे असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवले तर कॅल्शियमचा हिशेब साधारण असा पडतो. दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. पालकात ७५ ते ८०. चाकवतात १५० ते २१०. माठ-राजगिरा गटातल्या पानांत, म्हणजे आपल्या पोकळ्यासारख्यांत, ३३० ते ४००. शेवग्याच्या पाल्यात ३१० ते ४४०. आणि हादग्याच्या पानांत ९०० ते ११००. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅम धरली जाते.

हादग्याचा आकडा पाहून लगेच झाड शोधायला निघू नका. १०० ग्रॅम हादग्याचा किंवा शेवग्याचा ओरबाडलेला पाला म्हणजे मोठी परात भरते. माणूस एका वेळी खातो पंचवीस-तीस ग्रॅम. शिवाय पानात आहे ते सगळं अंगाला लागतं असं नाही. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या पानातल्याच क्षाराशी बांधलेलं असतं. मोजणीत असं दिसलं की दुधातल्या कॅल्शियमपैकी पाव हिस्सा किंवा थोडा जास्त शरीरात शोषला जातो, पालकातलं जेमतेम शंभरातले पाच भाग. माठ, चाकवत, घोळ यांतही ऑक्झलेट भरपूर असतं. खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर जाणवतो, तो त्याचाच.

लोहाचं आणखी गमतीचं आहे. माठाच्या लोहाचा आकडा जुन्या तक्त्यात २५ मिलिग्रॅमच्या घरात होता. नंतरच्या तक्त्यांत तो ३ ते ५ वर आला. पानाला चिकटलेली मातीसुद्धा मोजणीत लोह म्हणून येऊ शकते. समाजमाध्यमांवर फिरणारे पुष्कळ तक्ते अजून तो जुना आकडा घेऊन फिरतात. बाईची दिवसाची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाची १९ धरतात. म्हणजे एका वाटीनं रक्त वाढत नाही. रोजच्या पानात थोडं थोडं येत राहिलं तर मदत होते.

मग या भाज्या खायच्याच कशाला? कारण प्रत्येकीची खुबी वेगळी आहे. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला सहा ग्रॅमहून जास्त प्रथिनं आहेत, पालकात दोन. घोळ-चिघळीत ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम असतं, आणि ते पालेभाजीत इतकं सहसा सापडत नाही. मासे न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप असलेलं कॅरोटीन जवळपास सगळ्या गडद हिरव्या पानांत भरपूर. एकच भाजी वर्षभर खाण्यापेक्षा पाच वेगळ्या आलटून खाल्ल्या तर हे सगळं थोडं थोडं पदरात पडतं.

पायरी सहावी: शिजवणं

इथं मला आपल्या आज्यांचं कौतुक करायचं आहे, पण ते तर्कानं. चाकवत ताकात का करायचा? ताकातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला पोटातच बांधून टाकतं, मग ते रक्तात आणि मूत्रपिंडात कमी जातं. भाजीवर लसणाची तेलकट फोडणी का? कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. तेल वाचवून वाफवलेला पाला खाणारे त्या बाबतीत तोट्यात जातात. आंबाडी लोखंडी कढईत केली की काळपट होते म्हणून नाकं मुरडतात, पण आंबटपणामुळं कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं, ते फुकटचं. फक्त शिजल्यावर कढईत ठेवायची नाही, लगेच काढायची.

पहिली भाजी म्हणून चाकवताचं गरगट करून बघा. एक पेंढी निवडून, आधी धुऊन मग चिरायची. चिरून धुतली तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. दोन चमचे तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या आणि मूठभर हरभऱ्याची डाळ तासभर आधी भिजत घाला. मूठभर शेंगदाणेही. डाळ, दाणे आणि कण्या थोड्या पाण्यात बोटचेप्या होईपर्यंत शिजवा, मग पाला घाला. पाल्याला सात-आठ मिनिटं पुरे. कुकरच्या शिट्ट्या नकोत. रवीनं घोटा, पण पार पिठलं करू नका. वाटीभर ताकात चमचाभर बेसन कालवून मंद आचेवर घाला आणि ढवळत राहा. आच मोठी झाली की ताक फुटतं, आणि पहिल्या वेळी ते फुटतंच, घाबरू नका. मीठ. वरून आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, मोहरी, हळद, दोन सुक्या मिरच्या यांची चरचरीत फोडणी. ज्वारीची भाकरी, कांदा, बाजूला खर्डा.

बाकीच्यांचं थोडक्यात. पात्री कोवळी असेल तर कच्चीच, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. पण ज्या रानातली आहे ते माहीत असेल तरच कच्ची, आणि तीन-चार पाण्यांतून धुऊन. पावसाळ्यात मातीबरोबर जंतांची अंडी येतात, तेव्हा ती परतूनच खावी. चिघळीत हरभऱ्याची डाळ किंवा वरून पेरलेलं पीठ. ती मुळात आंबटसर, चिंच लागत नाही. कुर्डू आणि शेवग्याचा पाला मुगाच्या डाळीत. टाकळ्याची अगदी कोवळी पानं कांदा-लसणावर परतायची, आणि पहिल्यांदा चार चमचेच खायची, कारण वर सांगितलं आहे. भारंगी कडू असते. पानं उकळून पाणी टाकायचं, घट्ट पिळायची आणि डाळ घालून परतायची.

जेवताना लिंबू पिळा. शिजवताना बरंच क जीवनसत्त्व गेलेलं असतं आणि पाल्यातलं लोह शोषायला त्याचीच मदत होते. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, त्यातली टॅनिनं लोह अडवतात. तासभर थांबा. कोल्हापूरकरांना हे जड जाईल, ठाऊक आहे.

पायरी सातवी: कुणी जपून

मुतखडा होऊन गेला असेल तर चाकवत, माठ, घोळ रोज नको. कधीतरी खायची तर उकळून, पाणी टाकून, ताका-दह्याबरोबर. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा आणि मग तेच ठेवा. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम सांभाळावं लागतं, तिथंही आधी विचारायचं. गरोदर बाईनं रानातले नवे प्रयोग करू नयेत. पोकळा, शेवगा, चाकवत या ओळखीच्या भाज्या आहेतच.

पायरी आठवी: घरी एक कुंडी

सगळ्यांत सोपी चिघळ. बाजारातून आणलेल्या वाट्यातल्या चार-पाच जाड काड्या बाजूला काढा, खालची पानं खुडा आणि उथळ कुंडीत बोटभर खोल खोचा. माती भारी नको, थोडी वाळू मिसळा. ऊन पाहिजेच. पाणी मात्र बेतानं, जास्त झालं की देठ कुजतो. महिन्याभरात कुंडी भरते. खुडताना शेंडे घ्यायचे आणि बुडखा ठेवायचा, तो पुन्हा फुटतो. मी आधी बी मागायला बाजारात गेलो होतो. मावशी शेजारणीकडं बघून हसली. "तणाचं बी कोण इकतंय व्हय? काडी खोच की."